तिसऱ्या मजल्याची खिडकी

१

मंगळवारी सकाळी सात वाजता काना चहाचा कप घेऊन कॉम्प्युटरसमोर बसली आणि पहिला घोट घ्यायचंच विसरली. ‘तिसरा मजला’ नाहीसा झाला होता.

एखाद-दुसरी ओळ गेली असती तर ती समजू शकली असती. पण अकरा वर्षांत लिहिलेल्या साडेतीन हजार ओळी, सगळ्याच्या सगळ्या, गडप! नाव टाकून शोधलं तर पडद्यावर एकच वाक्य येत होतं: ‘या नावाने काहीही सापडले नाही.’

काना हे काही तिचं खरं नाव नव्हतं. चौतीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेलेली ही बाई ‘खिडकी’ या वेबसाइटवर पहिल्यांदा आली, तेव्हा दारातच मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, ‘आपले खिडकीवर स्वगत असो.’ तिने मालकाला लगेच कळवलं, ‘एक काना राहिलाय. घातलात तर आत येते.’ मालकाने काना घातला, आणि त्या दिवसापासून तिला त्याच नावाने हाक मारायला सुरुवात केली. त्याला आता तेवीस वर्षं झाली होती.

खिडकीचा नियम साधा होता. रोज एक ओळ लिहायची. आपल्या खिडकीतून आज जे दिसलं तेवढंच. मतं नकोत, फोटो नकोत, उपदेश तर मुळीच नको.

त्या काळी इंटरनेटवर अशा वेड्या माणसांची रेलचेल होती. कुणी नुसत्या शर्टाच्या बटणांचं पान काढलेलं, कुणी गावोगावच्या जिन्यांचं, कुणी आपल्या एकाच मांजराचं, भोवती लुकलुकणाऱ्या चांदण्या लावून. रंग असे की डोळे दुखावेत. पण एका पानावरून दुसऱ्यावर जाता जाता दुपार कधी सरली ते कळायचं नाही, आणि प्रत्येक पानामागे कुणीतरी बसलेलं आहे हे जाणवायचं. मग मोठमोठ्या कंपन्यांच्या साइट आल्या. तिथे सगळ्यांना एकसारखी तयार चौकट मिळायची आणि टाळ्याही मिळायच्या. ज्यांना फोटो लावायचे होते ते आधी गेले, ज्यांना टाळ्या हव्या होत्या ते नंतर, आणि उरलेले करमेना म्हणून गेले. एके काळी चौदाशे माणसं असलेल्या खिडकीवर आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिली होती.

त्यातही काना सगळ्यात आधी वाचायची ती ‘तिसरा मजला’ या नावाने लिहिणाऱ्याची ओळ. कोण आहे, बाई की पुरुष, कुठल्या गावचा, काही ठाऊक नव्हतं. पण ती ओळ वाचली की दिवस सुरू झाल्यासारखं वाटायचं.

तेवढ्यात फोन वाजला. खिडकीचे मालक होते.

“काना,” ते दबक्या आवाजात म्हणाले, “आपल्याकडे चोरी झालीय. आणि चोर घरातलाच आहे.”

२

मालकांचं चष्म्याचं दुकान होतं, म्हणून खिडकीवर सगळे त्यांना चष्मेवाले म्हणत. दुकान अरुंद आणि लांबलचक. पुढे फ्रेमांची कपाटं, मध्ये डोळे तपासायची अंधारी खोली, आणि मागे काचा घासायचं टेबल. त्या टेबलाखाली, काचेच्या भुकटीने पांढरा पडलेला एक जुना कॉम्प्युटर गुरगुरत असायचा. अख्खी खिडकी त्याच्या पोटात होती.

“घरातलाच कशावरून?” कानाने विचारलं.

“कारण पासवर्ड तिघांकडेच आहे.” चष्मेवाल्यांनी एकेक बोट दुमडलं. “मी, माझी लेक आणि भूगोलमास्तर. मी एका बोटाने टाइप करतो. साडेतीन हजार ओळी पुसायच्या म्हणजे मला पुढचा जन्म घ्यावा लागेल. लेक तर माझीच. राहिलं कोण?”

भूगोलमास्तर खिडकीची राखण करायचे, आणि गेल्या वर्षभरात त्यांना सवड म्हणून मिळाली नव्हती. रोज नवी नवी नावं यायची आणि सुरेख ओळी लिहून जायची: ‘सोनेरी किरणांनी न्हाऊन निघालेली सकाळ माझ्या खिडकीत अलगद उतरली.’ लिहिणारं माणूस नसायचंच, यंत्र असायचं. मास्तरांनी अशी दोनशे नावं हुडकून हाकलली होती. काना मदतीला असायची. तिची खूण सोपी होती. यंत्रांच्या खिडकीची काच कधी मळलेली नसते.

आणि रविवारी मास्तरांनी बॉम्ब टाकला होता. त्यांनी सगळ्यांसमोर लिहिलं, ‘तिसरा मजला हेही यंत्रच आहे. माझ्याकडे पुरावा आहे. मंगळवारी सकाळी अकरापर्यंत त्याने स्वतःच्या खिडकीत उभं राहून काढलेला फोटो मला पाठवावा. नाहीतर सगळ्या ओळी मी पुसून टाकीन.’

“अकरापर्यंत म्हणाले होते,” काना पुटपुटली. “मी सातला पाहिलं.”

“दम निघाला नसेल!” चष्मेवाले म्हणाले.

एवढ्यात लेक चहा घेऊन आली. तिशीतली, चटपटीत. दुकान आता तीच चालवायची.

“तुला काय वाटतं गं?” कानाने विचारलं.

“मावशी, मला एवढंच वाटतं की मास्तरकाकांनी फार ताणलं.” तिने कप ठेवले. “कामावरून सुटल्यावर माणूस दमूनभागून दोन शब्द लिहितो. त्याच्याकडे कसले फोटो मागायचे? हे काय पोलीस स्टेशन आहे?”

“बरोबर आहे,” काना म्हणाली.

“बाबांचा जीव आहे हो त्या ओळींवर. वर्षापूर्वी पाय मोडून घरी आले तेव्हा दुसरं काही वाचायचे नाहीत.” एवढं बोलून लेक लगबगीने पुढे गेली. दारात गिऱ्हाईक आलंय म्हणाली.

कानाने मान वळवून पाहिलं. दारात कुणीच नव्हतं.

३

भूगोलमास्तरांच्या घरात भिंती कमी आणि नकाशे जास्त होते. जेवणाच्या टेबलावरही पृथ्वीचा गोल होता, आणि त्याच्या अक्षावर मास्तरांनी आपली टोपी अडकवलेली होती.

“तुम्हीसुद्धा मलाच विचारायला आलात?” त्यांचा चेहरा पडला. “सकाळपासून चष्मेवाल्यांचे चार फोन झाले. अहो, मी अकरा म्हटलं म्हणजे अकरा! चाळीस वर्षं तासाची घंटा सांभाळली मी. आणि पुसलं असतं तर उजळ माथ्याने सांगितलं नसतं का? मी तर ती कामगिरीच समजत होतो.”

कानाला ते पटलं. मास्तर तापट होते, पण लपवाछपवी त्यांना जमायची नाही. स्वतःच्या बायकोच्या वाढदिवसाची भेटही त्यांनी आदल्या दिवशीच सांगून टाकली होती.

“बरं, पुरावा काय?”

मास्तर खुलले. त्यांनी रविवारी छापून घेतलेला कागदांचा गठ्ठा पुढे ठेवला. तिसऱ्या मजल्याच्या गेल्या दोन वर्षांतल्या ओळी होत्या, जागोजागी लाल शाईने खुणा केलेल्या.

“ही ओळ वाचा. ‘पाण्याच्या टाकीमागून सूर्य वर आला आणी टाकीला दाढी फुटल्यासारखी दिसली.’ म्हणजे खिडकी कुठल्या दिशेला?”

“पूर्वेला.”

“उत्तम. आता ही, आठच दिवसांनंतरची. ‘सूर्य घड्याळाच्या मनोऱ्यामागे बुडाला आणी साडेसहा वाजलेत हे कुणाला कळलंच नाही.’ म्हणजे?”

“पश्चिमेला,” काना हळूच म्हणाली.

“एकाच खिडकीत सूर्य उगवतो आणि त्याच खिडकीत मावळतो! पृथ्वीने काय दिशा बदलली? आणखी ऐका. कधी खालची पार्किंगची जागा दिसते, तर कधी महिनाभर नुसतं आकाश आणि तारा. कधी टाकी आहे, कधी टाकीचा पत्ता नाही. बाई, अशी खिडकी जगात असू शकत नाही. हे सगळं रचलेलं आहे.”

काना गठ्ठा घेऊन उठली. रस्ताभर ती मास्तरांच्या तर्कात एखादी चूक सापडते का ते पाहत होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधल्या, पण इथे एकही सापडेना. खिडकी खोटी होती, यात शंका नव्हती.

मग अकरा वर्षं ती रोज सकाळी वाचत होती, ते कुणाचं?

४

कानाच्या सूनबाईचं घरातच कपडे अल्टर करायचं काम होतं. संध्याकाळी ती शिवणयंत्रावर बसली आणि काना तिच्यासमोर कागद पसरून बसली. दोघींची ही रोजची बैठक. कानाने सगळी हकिकत सांगितली.

“आई, तुम्ही चेहरा एवढा लहान करू नका बघू. वाचा मोठ्याने. मीही ऐकते.”

काना वाचू लागली. प्रुफं तपासणाऱ्या नजरेला एक गोष्ट लख्ख दिसत होती. लिहिणारा हात एकच होता. ‘आणि’ हा शब्द दर वेळी ‘आणी’ असा दीर्घच. यंत्र अशी चूक अकरा वर्षं जपून ठेवत नाही. मग माणूस खरा आणि खिडकी खोटी?

“‘समोरच्या गच्चीवर निळी चादर वाळतेय. डावीकडची मुडप उसवलीय आणी दोरा लोंबतोय.’”

शिवणयंत्र थांबलं.

“काय म्हणालात? मुडप?”

“हो. का गं?”

“आई, तुम्ही चादर वाळताना बघता तेव्हा तुम्हाला काय दिसतं?”

“चादर.”

“सगळ्यांना चादर दिसते. रंग दिसतो.” सूनबाई सुई हवेत नाचवत म्हणाली. “पण रस्त्यापलीकडच्या चादरीची उसवलेली मुडप फक्त आमच्यातल्या माणसाला दिसते. हा शिवणकाम करणारा आहे. लिहून घ्या माझ्याकडून.”

काना हसली. मग हसता हसता थांबली. तिने पुढचा कागद ओढला.

‘पांढरी गाडी तीनदा मागेपुढे करून लावली. चाक शेवटपर्यंत सरळ केलंच नाही.’

“हे कुणी पाहिलं असेल?”

“ड्रायव्हरने,” सूनबाई ताबडतोब म्हणाली. “तुमच्या मुलाचे असेच शेरे चालू असतात.”

‘नव्या बांधकामाचा तिसरा थर ओळंब्यात नाही. उद्या पाडावा लागणार.’

“गवंडी!”

‘ढगाला मघाशी दोन पाय होते, आता एकच आहे. दुसरा त्यानेच खाल्ला.’

“अय्या, हे तर एखादं लहान मूल!”

कानाच्या चेहऱ्यावर पोरीसारखी लाली चढली. हात एकच होता. डोळे मात्र शेकडो होते.

ती भराभर पानं उलटू लागली आणि एका ओळीवर तिचं बोट थबकलं.

‘समोरच्या दुकानाची पाटी. पहिली ओळ स्वच्छ, दुसरी जेमतेम, तिसरी नुसत्या अंदाजाने.’

पाटी अशी, डोळे तपासायच्या तक्त्यावरच्या अक्षरांसारखी, वाचणारा जगात एकच माणूस तिला ठाऊक होता. तिने तारीख पाहिली. गेल्या वर्षी त्याच दिवसांत चष्मेवाले खिडकीवरून पंधरा दिवस गायब होते.

५

“सूनबाई, खिडकीचं पहिलं पान उघड. अगदी तळाशी एक आकडा असतो बघ.”

“‘आजवरच्या एकूण ओळी: दोन लाख अठरा हजार चारशे अठरा.’”

कानाने मास्तरांचा गठ्ठा उलटवला. रविवारी छापलेल्या प्रत्येक पानाच्या तळाशी तोच आकडा उमटलेला होता: दोन लाख अठरा हजार चारशे सहा.

“वाढलाय!” सूनबाई म्हणाली. “बाराने वाढलाय. पण साडेतीन हजार ओळी पुसल्या म्हणजे आकडा कमी नको का व्हायला?”

“तेच तर. पुसलेल्या नाहीतच. नुसत्या झाकून ठेवल्यात.”

तिने चष्मेवाल्यांना फोन लावला. “खिडकीत ओळी झाकून ठेवायची सोय आहे का हो?”

“झाकून? असेल बाई. दोन-तीन वर्षांपूर्वी लेकीने काहीबाही नवं बसवलं होतं. मला शिकवायला गेली, तर मीच म्हटलं, मला माझं पुसणं पुरे.”

मग मास्तरांना. “मास्तर, एखादी ओळ न पुसता झाकायची असेल तर काय करता?”

“झाकायची? चूक झाली की पुसायची. फळा काय झाकून ठेवतात?”

कानाने फोन ठेवला. आता तिला दुकानातला तो चहा आठवला. ‘कामावरून सुटल्यावर माणूस दमूनभागून दोन शब्द लिहितो.’ खिडकीवर ओळीशेजारी तारीख असते, वेळ कधीच नसते. तिसरा मजला सकाळी लिहितो की संध्याकाळी, नोकरी करतो की घरी असतो, हे तिथे वाचून कुणालाही कळणं शक्य नव्हतं. आणि दारात नसलेल्या गिऱ्हाइकाकडे इतक्या घाईने धावायचं कारण काय?

“उद्या दुपारी दुकान जेवणासाठी बंद असेल,” ती सुनेला म्हणाली. “तिघांनाही एकत्र बसवते.”

“आणि चोर?”

“चोर नाहीच गं. राखणदार आहे.”

६

बुधवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून चौघंही मागच्या टेबलाभोवती बसले. मास्तर आणि चष्मेवाले एकमेकांकडे पाठ करून. लेक एका फ्रेमचा स्क्रू उगाचच घट्ट करत होती.

“मास्तर, तुमचा पुरावा शंभर टक्के बरोबर आहे,” कानाने सुरुवात केली. “अशी खिडकी जगात असू शकत नाही.”

मास्तरांनी मान उंचावली.

“एक खिडकी. पण तुम्ही ती एकच आहे असं धरून चाललात. मधून कॉरिडॉर गेलेली एक मोठी इमारत आहे. पूर्वेच्या खोल्यांतून टाकी दिसते, पश्चिमेच्या खोल्यांतून घड्याळ. इमारतीला दोन बाजू असतात, मास्तर.”

मास्तरांचं तोंड उघडं राहिलं.

“कधी जमीन दिसते, कधी महिनाभर नुसतं आकाश. कारण कुणी उठून बसलेलं असतं आणि कुणी उताणं झोपलेलं. मुडप शिंप्याने पाहिली, चाक ड्रायव्हरने, ओळंबा गवंड्याने. लिहिणारा दर वेळी तोच. या सगळ्या माणसांना एका मजल्यावर, खाटांवर पडून, खिडकीकडे बघत राहायला लावते अशी जागा कुठली?”

“हॉस्पिटल,” चष्मेवाले हळूच म्हणाले.

“हाडांचं. तुमचा पाय मोडला होता तेव्हा तुम्ही पंधरा दिवस होतात तिथे. आणि ही ओळ तुमची आहे.” तिने कागद पुढे केला.

चष्मेवाल्यांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. ओळ वाचली. पुन्हा वाचली. “अहो, ती तर समोरच्या औषधाच्या दुकानाची पाटी! आणि मला रोज विचारायचे ते... दादा! पेशंटची चाकाची खुर्ची ढकलणारे दादा! ‘काय दिसतंय साहेब आज?’ म्हणायचे. मला वाटलं, नुसतंच विचारतायत!”

आता सगळ्यांच्या नजरा लेकीकडे वळल्या. तिने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

“बाबांनी दुपारी माझ्यासमोर त्यांना ती पाटी सांगितली,” ती म्हणाली, “आणि संध्याकाळी तीच खिडकीवर आली. मी दुसऱ्या दिवशी दादांना कॉरिडॉरमध्ये गाठलं. घाबरले बिचारे. पेशंटबद्दल बाहेर काही लिहिलं की नोकरी जाते म्हणाले. मी शब्द दिला की कुणाला सांगणार नाही.”

“मला पण नाही?” चष्मेवाले दुखावले.

“बाबा, तुम्ही फ्रेम बसवता बसवता प्रत्येक गिऱ्हाइकाला सगळं सांगता.”

चष्मेवाल्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

“रविवारी काकांनी ते फोटोचं लिहिलं. दादांचा फोन आला, रडवेले झाले होते. फोटो दिला तर नोकरी जाणार, नाही दिला तर अकरा वर्षांची माणसं पुसली जाणार. मग मी सोमवारी दुकान बंद करताना सगळं झाकून टाकलं. काका एकदा पुसतात ते परत येत नाही ना.”

मास्तरांनी खिशातून रुमाल काढून घाम पुसला.

“मी दोनशे यंत्रं हाकलली,” ते म्हणाले, “आणि नंतर मला माणूसच ओळखू येईना.” मग ते एकदम उठले. “भेटायची वेळ काय असते तिथे?”

“चार ते सहा. पण काका, तुम्ही तिथे जाऊन...”

“माफी मागायला जातोय. सगळ्यांनी चला. मी एकटा गेलो तर भांडून येईन.”

७

दादा साठीला टेकले होते. जाड बोटं, निळा सदरा, आणि चालताना पायापेक्षा चाकांवर जास्त विश्वास. चौघांना एकदम समोर पाहून त्यांनी ढकलखुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले.

मास्तरांनी भाषण तयार केलेलं असावं, पण त्यातलं त्यांना एक वाक्यही आठवलं नाही. “चुकलो मी,” एवढंच म्हणाले.

“नाही साहेब, नियम तर मीच मोडला. आपल्या खिडकीतलं लिहायचं असतं. पण माझ्या घराच्या खिडकीपुढे भिंत आहे. रोज काय लिहू, भिंत?”

“पण तुम्ही खिडकीवर आलात कसे?” कानाने विचारलं.

“या वॉर्डातल्या खिडकीची कडी मोडली होती. ती दुरुस्त करणारा शोधायला मी कॉम्प्युटरवर ‘खिडकी’ टाकलं, तर तुम्ही सगळे सापडलात.” दादा लाजून हसले. “त्याच आठवड्यात एक ट्रक ड्रायव्हर भिंतीकडे तोंड करून पडला होता. जेवेना, बोलेना. मी खाट फिरवली आणी म्हटलं, बाहेर काय चाललंय सांगा, मला हातातली खुर्ची सोडता येत नाही. तासभर सांगत होता. त्यातलं एक वाक्य मी लिहिलं. मग रोजचंच झालं.”

तो ‘आणी’ बोलण्यातही दीर्घच होता. कानाला तो फार आवडला.

एवढ्यात मोठ्या सिस्टर आल्या. दादांचा चेहरा उतरला. पण लपवण्यात आता अर्थ नव्हता. चष्मेवाल्यांनी आपल्या सवयीने सगळं भडाभडा सांगून टाकलं. सिस्टरांनी कानाच्या हातातला गठ्ठा घेतला आणि उभ्याउभ्या दहा-बारा पानं वाचली.

“कुणाचं नाव नाही, आजार नाही, खाटेचा नंबर नाही,” त्या म्हणाल्या. “मग तक्रार कोण करणार, ती पाण्याची टाकी? दादा, तुम्ही अकरा वर्षं एवढ्यासाठी घाबरत होतात? मला वाचायला दिलं असतं तर!” गठ्ठा मात्र त्यांनी परत दिला नाही. काखेत घालून घेऊन गेल्या.

लेकीने तिथेच मोबाइल काढला आणि झाकलेलं सगळं उघडलं.

“आजची ओळ राहिलीय,” दादा म्हणाले. “आज नऊ नंबरच्या आजींची पाळी. पण त्या बोलत नाहीत. काल आल्यापासून डोळे मिटून आहेत.”

आजींचा खांदा प्लास्टरमध्ये होता. पाच जणांच्या पावलांचा आवाज ऐकून त्यांनी एक डोळा उघडला. “माझ्याकडे कुणी येणार नव्हतं. तुम्ही चुकून आलात.”

“चुकून नाही आजी,” दादा म्हणाले. “बाहेर काय दिसतं ते सांगाल का? ही माणसं वाचतात.”

“मी काय सांगणार? आणि कोण वाचतंय माझं?”

“आम्ही वाचतो,” काना म्हणाली.

“किती जण?”

मास्तर ओशाळले. “आता फार नाही उरलो, आजी. पूर्वी पुष्कळ होतो. सध्या अकराच.”

आजींचा दुसरा डोळाही उघडला.

“अकरा? मी खिडकीतून काय बघते ते वाचायला अकरा माणसं?” त्यांनी चांगल्या हाताने कपाळावरचे केस मागे सारले. “मग आधी बोलायचं नाही का! अहो, तुम्ही, उंच गृहस्थ,” त्या मास्तरांना म्हणाल्या, “ती खाट वर करा. अजून. अजून थोडी. आणि चष्मा कुठाय माझा?”

चष्मेवाल्यांनी उशीजवळचा चष्मा उचलला, सदऱ्याच्या टोकाने दोन्ही काचा पुसल्या आणि हलकेच त्यांच्या कानांवर बसवला. मास्तर कागद-पेन्सिल घेऊन खाटेच्या कडेला बसले. आजी बराच वेळ बाहेर पाहत राहिल्या. कुणी घाई केली नाही.

“खाली गाड्या लावतात ना, तिथे एक माणूस उभा आहे,” त्या म्हणाल्या. “वर बघून हात हलवतोय. हातात डबा आहे, तरी हलवतोय.”

मास्तर लिहू लागले. “कुणाला हात करतोय?”

“ते मला इथून कसं दिसणार? वरच्या मजल्यावर असेल कुणीतरी त्याचं.” आजी पुढे झुकल्या. “दमत नाही हो पण. मघापासून चाललंय. थांबा, थांबा... डबा ठेवला खाली. अगं बाई!”

“काय झालं?” सगळ्यांनी एकदमच विचारलं.

“नाचायला लागला,” आजी म्हणाल्या, आणि त्यांच्या अंगभर हसू पसरलं. “लिहा ना हो, बघता काय माझ्याकडे? नाचतोय तो. भर पार्किंगमध्ये.”